आगबोटीचा धूर

आमच्या वळ गावातून समुद्र दिसत नाही. भिवंडी तालुक्यातलं हे गाव. एके काळी इथे भाताची खाचरं होती, आता गोदामं आहेत. मुंबईची जकात भरावी लागू नये म्हणून व्यापाऱ्यांनी महापालिकेच्या हद्दीबाहेर जागा शोधल्या आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा अशा गावांच्या शेतांवर पत्र्याची छपरं चढली. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली. न्हावा-शेव्याला जहाजातून उतरलेले कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत रात्री-अपरात्री आमच्या दारात येतात. समुद्र दिसत नसला तरी समुद्रावरून आलेला माल आम्ही रोज पाहतो.

मी स्वतः काही वर्षं अशाच एका गोदामात आवक-जावकची वही लिहिली आहे. कवितेवर घर चालत नाही, हे श्रोत्यांना निराळं सांगायला नको. तिथे एका रात्री एक ट्रकचालक वाटेत धुराचा दंड भरून तणतणत आला. पावती माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाबूजी, मेरी गाड़ी का धुआँ सबको दिखता है. जिस जहाज़ से ये डिब्बा आया, उसका पीयूसी कौन देखता है?"

तेव्हा मी हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं, की या साध्या प्रश्नाचं उत्तर जवळपास दोनशे वर्षांत पसरलेलं आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या मुंबई बंदराशी जोडलेला आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. इंग्रजीत वाफेवरची बोट ती 'स्टीमर'. मराठी माणसानं वाफ पाहिली नाही, आग पाहिली, आणि तिला नाव दिलं 'आगबोट'. मला हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझला निघाली. एडनपर्यंतचा पल्ला मोठा आणि कोळशाची कोठारं लहान, म्हणून बोटीत जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला होता. पुढच्या प्रवासासाठीचा कोळसा शिडाच्या जहाजानं आधीच एडनला धाडून ठेवला होता. म्हणजे आगबोटीची सोय करायला शिडाचं जहाज! तरीही ती सुएझला पोहोचली, विलायतेच्या टपालाचा नवा मार्ग मोकळा झाला, आणि अरबी समुद्रावर धुराची रेघ उमटली ती कायमची.

पुढे 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. गोदीलगतच्या माझगाव-डोंगरीकडच्या वस्त्यांना गिरण्यांचा धूर एका अंगानं आणि बोटींचा धूर दुसऱ्या अंगानं. या बोटींच्या पोटात कोण होतं? कोळसा फावड्यानं भट्टीत टाकणारा तो आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा कोलवाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला. गोऱ्यांच्या कंपन्यांनी खलाशांची वाटणीच करून टाकली होती. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनात पठाण आणि पंजाबी, खानपानाच्या खात्यात गोव्याचे ख्रिस्ती. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घराघरांत 'मामू बोटीवर आहे' हे वाक्य 'मामू शेतावर आहे' इतक्या सहजपणे बोललं जाई.

माझे थोरले मामूही बोटीवरच होते. पण ते डेकवर नव्हते, इंजिनात तेलवाला होते. साठ ते ऐंशीच्या दशकांत त्यांनी जगातली बंदरं पाहिली. ती बहुतेक रात्रीच, कारण दिवसा ते खाली असत. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी 1912 साल. या सालानं मला चकित केलं. टायटॅनिक बुडाली ते हे वर्ष, ते सर्वांना ठाऊक आहे. याच वर्षी मुंबईत धुराविरुद्धचा कायदा झाला, 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट'. कलकत्त्याला असा कायदा 1905 मध्येच झाला होता. या कायद्यांनी धुरावर देखरेख करणारी कमिशनं नेमली, निरीक्षक नेमले. धूर किती काळा हे ठरवायला त्या काळात रिंगेलमान नावाच्या फ्रेंच गृहस्थांचा तक्ता वापरात होता. कागदावर काळ्या रेघांच्या कमी-अधिक दाट जाळ्या छापलेल्या. तो कागद दूर धरायचा, धुराड्याकडे पाहायचं, आणि कोणत्या जाळीशी रंग जुळतो ते टिपायचं. आज गंमत वाटते, पण धुराला माप असतं ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

आणि त्याच 1912 मध्ये, फेब्रुवारीत, डेन्मार्कच्या कोपनहेगनहून 'सेलांडिया' नावाचं जहाज बँकॉकला निघालं. त्याला धुराडंच नव्हतं! आत वाफेचं यंत्र नव्हतं, रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीची इंजिनं होती, आणि त्यांचा धूर एका डोलकाठीतून वर सोडलेला होता. लंडनच्या गोदीत ते पाहायला ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल गेले होते. कोळसा नाही, राख नाही, आगवाला नाही. लोकांना वाटलं, आगबोटीतली आग गेली.

म्हणजे पाहा, ज्या वर्षी मुंबईत धूर मोजायचं ठरलं, त्याच वर्षी समुद्रावर असा धूर आला की जो डोळ्यांना फारसा दिसणारच नव्हता.

डिझेल इंजिन स्वच्छ होतं, कारण त्यात जाळलं जाणारं तेल चांगलं होतं. पण चांगलं तेल महाग. दुसऱ्या महायुद्धानंतर 'ऑरिक्युला' नावाच्या टँकरवर प्रयोग झाला. बॉयलरखाली जाळायचं जाड, काळं तेल डिझेल इंजिनात चालतं का? चाललं. तेल आधी तापवायचं, यंत्रात घुसळून त्यातला गाळ-पाणी काढायचं आणि मग इंजिनाला पाजायचं. हळूहळू सगळ्या मोठ्या जहाजांनी ही युक्ती उचलली. 1973 नंतर तेल भडकलं, तेव्हा तर दुसरा विचारच उरला नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं सगळं काढून झाल्यावर तळाशी जो लगदा राहतो, तो विकत घेणारं गिऱ्हाईक म्हणजे जहाजं.

मामू त्याला 'भारी तेल' म्हणत. "थंडीत हे तेल ओतायला गेलास तर ओतलं जात नाही, कापावं लागतं," असं ते सांगत. इंजिनात शिरण्यापूर्वी ते शंभर अंशांच्या वर तापवावं लागे. घुसळणयंत्रातला गाळ काढणं हे मामूंच्या पाळीचं काम. सुट्टीवर आले की अंगणातल्या दगडावर बसून नखं घासत राहात, तरी नखांच्या कडा काळ्याच. नानी म्हणायची, "मेंदी लावून आलाय."

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार नंतर समजली. बंदर जवळ आलं की इंजिन साध्या डिझेलवर घेत आणि बंदराबाहेर पडल्यावर पुन्हा भारी तेलावर. हे बंदरातल्या माणसांची कीव येऊन नव्हे. बंदरात इंजिन सारखं बंद-चालू, पुढे-मागे करावं लागतं, आणि जाड तेल नळ्यांत गोठलं तर पंचाईत, म्हणून. बंदर सुटून चांगलं अंतर पडलं की रात्री धुराड्याच्या वाटेवरची काजळी वाफेच्या झोतानं उडवून देत. वारा उलटा असला की ती डेकवर पडे, आणि सकाळी डेकवरचे आमचे कोकणी भाऊबंद इंजिनवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ती काजळी पुढे कुठे जाते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. समुद्र मोठा आहे, एवढं उत्तर पुरेसं होतं.

ते पुरेसं नाही हे प्रथम ओरडून सांगितलं ते स्वीडन-नॉर्वेनं. त्यांच्या तळ्यांतले मासे मरू लागले. धुरातल्या गंधकाचं आम्ल होऊन ते पावसातून पडत होतं, आणि त्यांच्या देशात तेवढ्या गंधकाचे कारखानेच नव्हते. धूर परक्या देशातून येतो हे त्यातून सिद्ध झालं. 1972 ची स्टॉकहोमची जागतिक परिषद त्याच सुमाराची. त्या परिषदेचा उल्लेख करूनच आपल्या संसदेनं 1981 मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा केला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांच्या धुराड्यांबाबत नोटिसा काढतं ते याच कायद्याखाली.

या कायद्याचं सतरावं कलम मी मुद्दाम काढून वाचलं. राज्य मंडळांची कामं त्यात दिली आहेत. कारखाने, मोटारगाड्या आणि इतर कोणत्याही ठिकाणाहून हवेत सुटणाऱ्या घाणीची मर्यादा मंडळानं ठरवायची आहे. 'इतर कोणत्याही' म्हटल्यावर वाटतं, आता काही सुटलं नाही. पण पुढे चार शब्द आहेत, 'जहाज किंवा विमान सोडून'. मी ती ओळ दोनदा वाचली. भिवंडीतल्या साइझिंगच्या बॉयलरचं धुराडं कायद्यात आहे, आणि ज्याचं एकेक इंजिन तीन-चार मजली इमारतीएवढं आहे ते जहाज कायद्याबाहेर.

यात कायदा करणाऱ्यांचा कावा होता असं मी म्हणणार नाही. कारण सरळ आहे. जहाजाचा मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे आणि माल चौथ्याचा. पनामा-लायबेरियाचे झेंडे लावून जगाचा व्यापार चालतो. एका बंदरानं कडक नियम केला तर जहाज शेजारच्या बंदरात जाईल, ही भीती प्रत्येक देशाला. म्हणून नियम करायचा तर सगळ्यांनी मिळून, लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, म्हणजे आयएमओत. या संस्थेचा 'मार्पोल' करार 1973 चा, 1978 मध्ये सुधारलेला. पण त्यात होतं ते समुद्रात सांडणारं तेल, रसायनं, सांडपाणी, कचरा. पाण्यातली घाण दिसत होती. 1967 मध्ये 'टॉरी कॅनियन' हा टँकर इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटला, तेलात माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं जगभर छापून आली आणि करार झाला. हवेतल्या घाणीचं असं छायाचित्र निघत नाही.

हवेसाठीचं सहावं परिशिष्ट सप्टेंबर 1997 मध्ये मंजूर झालं. ते अंमलात यायला अट होती, की किमान 15 देशांनी ते स्वीकारावं आणि जगातल्या व्यापारी जहाजांपैकी निम्मा टनभार त्यांच्या झेंड्याखाली असावा. पंधरावा देश मिळायला मे 2004 उजाडला. तो देश कोणता? पॅसिफिक महासागरातला सामोआ, तेव्हा दोन लाखांहून कमी वस्तीचा. त्याच्या सहीनंतर वर्षभरानं, 19 मे 2005 रोजी, जहाजाच्या धुराला जगात प्रथम सर्वत्र लागू होणारा कायदा मिळाला. मुंबईच्या धूर-कायद्यानंतर 93 वर्षांनी.

आणि मिळाला तो कसला? तेलात गंधक साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त नको. बाजारात मिळणाऱ्या जहाजी तेलात तेव्हा सरासरी गंधक याहून बरंच कमी असे. म्हणजे उंटाला जाता येईल एवढं दार ठेवायचं आणि बकऱ्यांना अडवलं म्हणायचं. खरी धार चढली ती 2008 च्या दुरुस्तीनं. 2012 पासून साडेतीन टक्के, आणि 1 जानेवारी 2020 पासून अर्धा टक्का. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून जो विषारी वायू होतो, त्याला वेगळी मापं. मिनिटाला 130 पेक्षा कमी फेरे घेणाऱ्या मोठ्या इंजिनांना, 2000 नंतरच्या जहाजांवर, दर किलोवॅट-तासाला 17 ग्रॅम. 2011 नंतरच्या जहाजांवर 14.4 ग्रॅम. आणि 2016 नंतर बांधलेल्या जहाजांना, काही ठरावीक समुद्रांत, 3.4 ग्रॅम. यातली मेख 'बांधलेल्या' या शब्दात आहे. जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. आजचा नियम आजच्या इंजिनाला, कालचं इंजिन कालच्याच नियमानं धूर सोडत राहणार.

या सगळ्याची निकड किती होती? 2007 मध्ये जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की जहाजांच्या धुरातल्या बारीक कणांमुळे हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या विकारांनी जगात वर्षाला सुमारे 60 हजार माणसं अकाली मरतात, आणि त्यातली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांजवळची. दक्षिण आशियाचा किनारा म्हणजे आपणच. समुद्र मोठा असला तरी जहाजं त्याच्या मध्यात रेंगाळत नाहीत, किनाऱ्यालगतच्या ठरल्या वाटांनी जातात-येतात. वाट इतकी ठरलेली, की 2017 मध्ये काही शास्त्रज्ञांना आढळलं, श्रीलंकेच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या जहाजमार्गावर आजूबाजूच्या समुद्रापेक्षा जवळपास दुप्पट विजा पडतात. धुरातल्या कणांनी ढगांचा स्वभाव बदलतो. मी कवी आहे, विजेवर बऱ्याच ओळी लिहिल्या आहेत. पण अशी वीज माझ्या कल्पनेत आली नव्हती.

भारतानं सहावं परिशिष्ट 2011 च्या अखेरीस स्वीकारलं. त्यामुळे आता मला त्या ट्रकचालकाला उत्तर देता येईल. जहाजाचीही पीयूसी असते. 400 टनांवरच्या जहाजाला हवा-प्रदूषणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र बाळगावं लागतं. तेल भरलं की पुरवठादाराची चिठ्ठी तीन वर्षं जपायची, त्यात गंधकाचा आकडा लिहिलेला. त्याच तेलाचा सीलबंद नमुना किमान वर्षभर ठेवायचा. परदेशी झेंड्याचं जहाज आपल्या बंदरात आलं तर नौवहन महासंचालनालयाचे सर्वेक्षक चढून हे तपासू शकतात. प्रदूषण मंडळाला जे करता येत नाही ते असं लंडनमार्गे करता येतं.

पण मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता, "मेरे और उसके धुएँ में फ़र्क़ कितना?" तोही आकडा आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये किलोमागे गंधक जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. तीन महिने आधी जहाजांवर आलेली मर्यादा किलोमागे 5 ग्रॅम. पाचशे पट. आणि ही सुधारलेली मर्यादा. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती 35 ग्रॅम होती. न्यायानं हेही सांगायला हवं, की एक टन माल एक मैल न्यायला जहाजाला ट्रकपेक्षा फारच थोडं तेल पुरतं. जहाज वाईट नाही, ते जे पितं ते वाईट होतं.

ज्यांना घाई होती त्यांनी आपापले समुद्र राखून घेतले. बाल्टिक, उत्तर समुद्र, अमेरिका-कॅनडाचे किनारे इथे 2015 पासून मर्यादा अर्ध्या टक्क्याची नव्हे, एक दशांश टक्क्याची. 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्रही त्या यादीत गेला. त्या हद्दीत शिरण्यापूर्वी तेल बदलून तशी नोंद वहीत करावी लागते. मामू नळ्या गोठू नयेत म्हणून जे करत, ते आता माणसांसाठी करावं लागतं. अरबी समुद्राचं नाव त्या यादीत नाही. न्हावा-शेवा बंदर मे 1989 मध्ये सुरू झालं, आणि 2024-25 या एका वर्षात तिथे वीस फुटी मापानं 73 लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले गेले. ज्या जहाजानं परवा भूमध्य समुद्रात शुद्ध तेल जाळलं, तेच आपल्याकडे येताना जाड तेलावर येऊ शकतं, आणि तसं करण्यात ते कोणताही नियम मोडत नाही. काही जहाजांनी तर नवा तोडगा काढला आहे. जुनंच गंधकाचं तेल जाळायचं, धूर समुद्राच्या पाण्यानं धुवायचा आणि ते आम्लाचं पाणी परत समुद्रात सोडायचं. नियमात बसतं. सिंगापूरनं 2020 पासून आपल्या बंदरात याला मनाई केली.

मामू 1990 च्या दशकात गेले. खोकला बरीच वर्षं होता. बिडीही ओढत, म्हणून मी सगळा दोष इंजिनाला देत नाही. त्यांची 'नळी', म्हणजे खलाशाच्या नोकरीचं पुस्तक, माझ्याकडे आहे. पानापानांवर जहाजांची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा, वर्तणुकीचा शेरा, 'उत्तम'. त्यांनी काय श्वासात घेतलं याचा रकाना त्यात नाही. किनाऱ्यावरच्या माणसांची मोजदाद 2007 मध्ये झाली, पण त्या इंजिनघरांत आयुष्य काढलेल्या आमच्या गावोगावच्या माणसांची वही मला अजून कुठे सापडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो. वाटेत नांगरलेली जहाजं लागतात. एका मोठ्या जहाजाच्या धुराड्यातून पातळ, करडा धूर सरळ वर चालला होता. शेजारी उरणकडचे एक म्हातारे कोळीबाबा बसले होते. ते बराच वेळ तिकडे पाहत होते.

"दादा, ती बोट चालू हाय का?"

"नाही बाबा, नांगरलेली आहे."

"मंग धूर कशाचा?"

मी सांगितलं, की मोठं इंजिन बंद असतं, पण दिवे, पंप, गारवा ठेवणारी यंत्रं यांच्यासाठी जनरेटर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. धक्क्याला लागलं तरी ते चालूच. लॉस एंजेलिसला 2004 पासून एका धक्क्यावर जहाजाला किनाऱ्यावरून वीज देतात, म्हणजे तेवढा वेळ जनरेटरही बंद करता येतात.

"तारेनं?"

"हो, जाड तार टाकून."

त्यांनी टोपी सारखी केली, पुन्हा एकदा त्या धुराकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग हितं तार टाकाया किती लांब पडते?"